आमेन कोणी म्हणायचं

माझा हात कोपराच्या वर म्हशीच्या आत होता आणि भिंतीपलीकडे चर्चमध्ये उपकारस्तुतीचं गाणं चाललं होतं. खरं तर मी तिथे असायला हवी होते. उपकारस्तुतीचा सण म्हणजे पीक घरात आलं की त्याचा पहिला वाटा देवापुढे आणायचा रविवार. मी माझा भोपळा टेबलावर ठेवून जेमतेम बसले होते, तेवढ्यात विमलअक्का चर्चच्या दाराशी आली. आत पाऊल न टाकता तिने मला हाताने खुणावलं.

"डॉक्टरताई, मनी म्हैस अडी गयी. पारडू बाहेर ईनं नही."

मी शिंदखेडा तालुक्यात गुरांची डॉक्टर आहे. गाडीतली बॅग घेतली, पदर खोचला आणि निघाले. अक्काचं घर चर्चच्या भिंतीला लागूनच आहे. नवरा गेल्यापासून ते घर या एका म्हशीवर चालतं.

हाताला लागला तो पीळ. याला आम्ही टॉर्शन म्हणतो. भरलेल्या पिशवीला गिरकी दिली की तिचं तोंड आवळतं, तसं गर्भाशयाचं होतं. पारडू आत तयार असतं, पण वाटच बंद. वेळेत पीळ सुटला नाही तर पारडू जातं आणि मागोमाग म्हैसही जाते.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या आमच्या वरिष्ठ साहेबांना फोन लावला. अक्काने तो माझ्या कानाशी धरला.

"सर, टॉर्शन आहे. पीळ उजवा."

"धुळ्याला रेफर करा. सिझेरियन करतील."

"ती उठतच नाहीये सर. टेम्पोत कशी चढवू?"

"मग रोलिंग करा. माणसं आहेत का?"

"नाहीत."

"मग अवघड आहे, मॅडम."

रोलिंग म्हणजे म्हशीला लोळवायचं. पीळ ज्या बाजूचा, त्या कुशीवर तिला आडवं करायचं. पोटावर फळी ठेवून त्यावर एका माणसाने उभं राहायचं, म्हणजे आतलं पारडू जागचं हलत नाही. मग पायाला बांधलेले दोर एकदम ओढून म्हशीला पिळाच्याच दिशेने फिरवायचं. पिशवी तिथेच राहते, म्हैस तिच्याभोवती फिरते, पीळ सुटतो. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात चांगली दहा-बारा दणकट माणसं लागतात, आणि गाव कापूस वेचायला गेलेलं होतं.

माणसं होती ती भिंतीपलीकडे. मी तसं म्हटल्यावर अक्काचा चेहरा पडला.

"मी कसी बोलावू त्यास्ले? भोंगानी तक्रार मीच करेल शे."

ते खरं होतं. चर्चचा भोंगा तिच्या गोठ्याकडे तोंड करून लावलेला. त्याने म्हैस बिचकते, दूध चोरते, म्हणून अक्का ग्रामपंचायतीत गेली होती. तेव्हापासून चर्चची मंडळी तिच्या दारावरून मान वळवून जात.

मी तशीच गेले, बरबटलेल्या हातांनी. पाळकांनी नुकतंच प्रवचन सुरू केलं होतं. मी दारातूनच काय ते सांगितलं. पुढच्या बाकावरचे दाऊदभाऊ, आमच्या चर्चचे पंच, उठून उभे राहिले.

"आज सण शे, पाळकसाहेब. बठ्ठा लोक नवा कपडा घालीसन ईनात. आनि त्या अक्कानीज म्हैस का?"

पाळक तरुण आहेत आणि प्रवचन लांबवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. त्या दिवशी त्यांनी बायबल मिटलं.

"भाऊ, शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशी, लोकांनी येशूलाही असंच अडवलं होतं. त्याने विचारलं, तुमचा बैल आज विहिरीत पडला तर काढणार नाही का? मग या म्हशीने काय घोडं मारलंय?"

पांढरे सदरे गोठ्यात शिरले. दाऊदभाऊही आले, धोतर सावरत, कुरकुरत. फळीवर पाळक उभे राहिले, त्यांच्या पांढऱ्या झग्यासकट. मी शिंगांशी बसून डोकं धरलं. तेवढ्यात पाळक म्हणाले, "प्रार्थना करू या." मी नको कशी म्हणणार? प्रार्थना चांगली होती आणि त्यांच्या मानाने फारच आटोपशीर. त्यांनी "आमेन" म्हटलं आणि सगळ्यांनी दोर ओढले.

आमच्याकडे आमेन म्हणजे झालं, आता कामाला लागा. जन्मभराची सवय ती. मी इशारा दिलाच नव्हता. फळी निसटली, पाळक शेणात बसले आणि म्हैस पारडासकट फिरली. फुकट.

"आता आमेन मी म्हणणार," मी ओरडले. "त्याआधी कोणी दोराला हिसका द्यायचा नाही."

पाळक झगा झटकून पुन्हा फळीवर चढले. म्हशीला पुन्हा उजव्या कुशीवर घेतलं. फळी नीट बसली. मी डोकं धरलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हटलं, "आमेन." म्हैस फिरली. हात घालून पाहिलं, पीळ अर्धा उरला होता. पुन्हा तेच. या खेपेला हात सरळ आत गेला आणि पारडाचा पाय बोटांना लागला. तो हलला. मला रडू आलं, आणि ते पुसायला एकही स्वच्छ हात नव्हता.

पारडी निघाली. नाकात काडी घातल्यावर शिंकली. दाऊदभाऊंनी आपल्या नव्या उपरण्याने तिला पुसलं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

सणाला देवापुढे आणलेल्या वस्तूंचा चर्चसाठी लिलाव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला. अक्का स्टीलचा डबा घेऊन आली, पहिल्यांदाच चर्चच्या आत आली आणि माझ्या भोपळ्याशेजारी तो ठेवला. पहिल्या चिकाचा खरवस होता. बोली दाऊदभाऊंनी कोणाला जिंकू दिली नाही.

"आते भोंगा चाली का, अक्का?" त्यांनी विचारलं.

"खरवस येगळा, भोंगा येगळा," अक्का म्हणाली. "तो कमीच ठेवा."

पाळकांनी भोंग्याचं तोंड फिरवून घेतलं. ते आता नाल्याकडे आहे.

त्या रविवारसाठी मी देवाचे आभार अजून मानते, आणि त्या पांढऱ्या सदऱ्यांचेही. एक गोष्ट मात्र बदलली. घरी प्रार्थना करताना आमेन म्हणायच्या आधी मी जरा थांबते, आणि दोर धरायला कोण कोण आहे ते बघून घेते.