बोंगोवरची चार बोटं

असले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. कुणाला जिन्यात पांढरी साडी दिसते, कुणाचा पंखा वीज नसताना फिरतो... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "बघ, लोकांना कामधंदा नाही." आज मीच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

सोलापुरात नवी पेठेमागच्या एका बोळात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. तबला, ढोलकी आणि ऑर्केस्ट्रावाले आणतात ते बोंगो-कोंगो. पुढे शटर, बाकी तिन्ही बाजूंनी भिंत, खिडकी नाही. किल्ली एकच, माझ्या कमरेला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही विचारणारच. लाकूड आणि चामडं आपापल्या स्वभावानं वागतात, त्यात गूढबीढ काही नसतं, असं मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सुजाता नावाची मुलगी बोंगो घेऊन आली. पूर्व भागातलं तेलुगू विणकर घर, स्वतः शाळेत शिक्षिका. बोंगो तिच्या वडिलांचा, तिच्या तेलुगूत 'नान्नां'चा, होता. ते दिवसभर यंत्रमागावर आणि गणपतीत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

वस्तू बघून जीव सुखावला. फणसाच्या लाकडाचा, हातानं घडवलेला जोड. आणि सगळे नट सैल केलेले! वाजवून झालं की नट सैल करून चामड्याला विसावा द्यायचा असतो, हे मी शंभर जणांना सांगतो, ऐकत एकही नाही.

"नान्ना रोज पाना घेऊन बसायचे," ती म्हणाली. "जेवायला उशीर झाला तरी चालेल, पण नट आधी."

छोट्या बोंगोला उभी भेग गेली होती आणि चामड्याला धरून ठेवणारी आतली लोखंडी कडी गंजून फुगली होती.

"काका, भेग भरा, कडी बदला, काय पाहिजे ते करा. पण चामडं हेच ठेवा हं." तिनं छोट्या बोंगोच्या कडेवर हात ठेवला. तिथं घामानं काळपट पडलेले बोटांचे डाग होते. "ही नान्नांची बोटं आहेत. वर्षश्राद्धाला फोटोपुढे ठेवायचाय. त्यांचं दुसरं काय राहिलंच नाही बघा घरात."

मी डागांकडे धड बघितलंसुद्धा नाही. माझं लक्ष भेगेकडे. "ठेवतो, ठेवतो," म्हटलं. शब्द दिला तो असा.

आता माझा गाढवपणा ऐका. कडी बदलायची म्हणजे चामडं तासभर भिजवून मऊ करायचं. आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवर बॅरल भरून ठेवलेलं असतं. मे महिन्यात दुपारी ते पाणी इतकं तापतं की हात घालवत नाही. आधी ते माठात ओतून गार करायचं आणि मगच चामडं टाकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी माठ रिकामा होता आणि मला घाई. बॅरलचं पाणी तसंच बादलीत घेतलं, चामडं टाकलं, डबा खाल्ला आणि भिंतीला टेकलो तो डोळाच लागला.

जाग आली तेव्हा चामडं शिजलं होतं. उचलायला गेलो तर हातात फाटलं, तेही बरोबर डागांमधून. पहिल्या दोन बोटांचे डाग राहिले, पुढच्या दोहोंच्या जागी नुसता चिकट लगदा.

खरं सांगतो, मला रडू आलं. माणूस गेल्यावर राहिलेली त्याची बोटं मी बादलीत शिजवली होती.

बायको संध्याकाळी दुकानात आली. ती वैरागची, बोलायला सरळसोट. "आवो, सांगून टाका की पोरीला. रडंल, वरडंल, पर खोटं नगं."

मी मान हलवली आणि खोटंच केलं. बोकडाचं नवं चामडं घेतलं, गार पाण्यात भिजवलं, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत चढवलं, दोन दिवस सावलीत वाळवलं. मग चहाचं दाट पाणी, त्यात थोडं खोबरेल... आणि माझ्या डाव्या हाताची चार बोटं त्यात बुडवून कडेवर ठसे घेतले. राहिलेले दोन डाग समोर होते, उरलेले दोन अंदाजानं. बायको डबा घेऊन आली होती, बघत उभी होती. डबा ठेवला आणि गेली, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

फाटलेलं चामडं मात्र फेकवेना. वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

त्याच दुपारी दीडच्या सुमाराला शटर अर्धं ओढून पडलो होतो. बोळात चिटपाखरू नव्हतं. आवाज आला — टक, टक, टुप्, टक. चामडं ताणलं जाताना असं वाजतं, मला ठाऊक आहे. पण ते एकदा वाजून थांबतं. हे परत आलं. टक, टक, टुप्, टक. सावकाश, कुणी तरी बोटं मोकळी करावीत तसं, आणि तिसरा ठोका दर वेळी बसका. मी उठून बसलो आणि बंद झालं. बोंगोजवळ जायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. तसंच शटर लावून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच सुजाता आली. मी बोंगो उचलून काउंटरवर ठेवला. तिनं छोट्या बोंगोवर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला वाटलं नव्हतं काका, राहील म्हणून. हे बघा ना... हे बोट अर्धंच. मागात गेलं होतं त्यांचं, मी लहान असताना. त्यामुळं तिसरा ठोका त्यांचा नेहमी दबका यायचा."

मी वाकून बघितलं. तीन डाग पूर्ण होते. तिसऱ्या बोटाचा डाग मधेच संपत होता आणि टोकाकडे चामडं कोरं, पांढरं. मी तो पूर्ण उमटवला होता. अर्ध्या बोटाचं मला कुणी सांगितलं नव्हतं, त्या क्षणापर्यंत मला ते माहीतच नव्हतं. ती बोंगो छातीशी धरून गेली.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती पोळपाटावरनं नजर न उचलता म्हणाली, "चारी बोटं लांबलचक उमटवली व्हती तुमी. म्या बघितलं की." मग लाटणं थांबलं. "का वो?"

आता वाटेल ते म्हणा. चहाचा रंग उडाला असेल. पण एकाच बोटाचा? आणि तेवढाच, जेवढं त्या माणसाचं बोट मागात गेलं होतं?

चार दिवस जेवण गेलं नाही. शेवटी ड्रॉवरमधली पुडी तशीच, न उघडता पिशवीत टाकली आणि सुजाताच्या घरी गेलो. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. बोंगो फोटोपुढे होता, नट सैल केलेले. तिला सगळं सांगितलं — बॅरलचं पाणी, माझी झोप, चहा, खोबरेल, सगळं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. "तुम्ही शब्द दिला होता काका," एवढंच म्हणाली. मान खाली घालून मी म्हटलं, तुझ्या नान्नांची खरी दोन बोटं तरी ही घे, आणि पुडी सोडली.

फाटलेलं चामडं तेच होतं. माझ्या हाताखालून गेलेलं चामडं मी ओळखतो. जुन्या कडीचा गंज काठाला तसाच होता. डाग मात्र नव्हते, एकही. इतक्या वर्षांच्या घामाची जागा आदल्या दिवशी सोललेल्या चामड्यासारखी स्वच्छ.

मग ती उठली, फोटोपुढचा बोंगो मांडीवर घेतला आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून त्या डागांवर ठेवली. तिसरं बोट तिनं दुमडून अर्धं केलं.

"काका," तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही पूर्ण काढलं होतं ना हे? मग अर्धं कुणी केलं?"

मी पुडीचा कागद घडी करून खिशात घातला. ती ते चामडं परत घेऊन जा म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही. निघताना मागून हळूच आवाज आला — टक, टक, टुप्, टक. ती वाजवत असेल, म्हणून मी वळून बघितलं. तिचे दोन्ही हात डोळ्यांवर होते.