शेगडीच्या खोलीतलं वाचन

माझ्या पहिल्या बाळंतपणात सासरी, म्हसावदला, एक गंमत झाली. आता गंमत म्हणते... तेव्हा मात्र रडून रडून उशी भिजली होती.

स्वातंत्र्याच्या आधीचा काळ, दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेरपण आईबरोबरच संपलं होतं. धाकट्या भावाच्या वेळी ती बाळंतपणातच गेली... तेव्हा मी पाचवीत होते.

त्यामुळे सगळं सासरीच झालं. थंडीचे दिवस होते. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला सुमन नाव ठेवलं. पण माझ्या मनातून आई काही जाईना. जरा अंग तापलं की वाटायचं, आता आपली पाळी.

खोली अंधारी. खिडकीला गोधडी लावलेली, बाजेखाली शेगडी, तिच्यावर दिवसातून दोनतीनदा ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालींची धुरी. धाब्याच्या मातीच्या छपरातल्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा तेवढा बाजेवर पडायचा... त्यात मी वाचायला लागले.

यांची नोकरी नंदुरबारला, कापसाच्या जिनिंगमध्ये. रविवारी घरी येताना पिशवीतून हाताला लागेल ते वाचायला आणायचे. मासिकांचे जुने अंक, घड्याळांच्या दुकानाचं सूचीपत्र, कपाशीवरच्या किडीचं सरकारी पत्रक. एक डिटेक्टिव्ह कादंबरी आणली, तिची शेवटची पानंच फाटलेली. खून कुणी केला ते मला आजतागायत कळलेलं नाही!

त्या महिन्यात मी काय नाही वाचलं... व्रतकथा वाचल्या, पंचांग वाचलं, दिराच्या भूगोलातून आफ्रिकेतल्या नद्या पाठ केल्या. गुळाला गुंडाळून आलेल्या पेपरात लढाईची अर्धीच बातमी असायची, तीही चवीनं वाचायची. डोळे अक्षरांवर असले की आईचा तो शेवटचा दिवस समोर यायचा नाही. एवढंच हवं होतं मला.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी वाचताना दिसले की पोर उचलून मांडीवर घ्यायच्या. शेजारच्या चुलतसासू, काकी, मात्र रोज ऐकवायच्या, "बायतीननी वाचू नये माय. डोया जातस."

बाळंतिणीनं वाचलं की डोळे जातात म्हणे! मी मनात हसायचे. मग एके दिवशी डोळे चुरचुरायला लागले.

दोन दिवसांत अक्षरं धूसर झाली. डोळ्यांतून सारखं पाणी. मी कुणाला बोलले नाही, वाचायचंही सोडलं नाही... आणि एका सकाळी सुमनला पाजायला घेतलं तर तिचे डोळे लालभडक! पापण्या चिकटलेल्या. उजेडाकडे तोंड केलं की किंचाळायची.

काकी आल्या, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सांगं व्हतं ना मी? तुन्हा दूधमाईन पोरना डोयास्मा उतरनं."

माझं वाचन दुधातून पोरीच्या डोळ्यांत उतरलं म्हणे! आईविना वाढलेली मी... आपल्याच हातानं लेकीचे डोळे घालवले? सगळे कागद एका फडक्यात बांधले आणि आत्याबाईंना म्हटलं, "हे चुलीत घाला. मी आता जन्मात वाचणार नाही."

त्यांनी गाठोडं घेतलं, पण गेल्या नाहीत. थंडी वाढल्यापासून त्या सुमनला शेकायला दिवसभर माझ्याच खोलीत, शेगडीपाशी बसायच्या. आता पुन्हा तिथेच बसल्या. पदरानं डोळे पुसले. जरा वेळानं परत पुसले. मला वाटलं, नातीसाठी रडतायत...

तेवढ्यात त्या एकदम माझ्याकडे वळल्या.

"मन्हा डोया देख बरं."

मी पाहिलं. त्यांचेही डोळे लाल! आमच्या दोघींसारखेच.

"मी ते जल्ममा एक अक्षर वाचं नही," त्या म्हणाल्या, "मंग मन्हा डोया काबर लाल व्हयनात?"

 

आत्याबाईंनी शेगडीकडे पाहिलं, झरोक्यातल्या पट्ट्यात गरगरणाऱ्या धुराकडे पाहिलं. "हाई धूरनं काम शे," म्हणाल्या. उठल्या आणि खिडकीवरची गोधडी ओढून खाली टाकली!

काकींनी वारा लागेल, पोर आखडेल म्हणून केवढा आरडाओरडा केला. आत्याबाईंनी ऐकलं नाही. सुमनला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर उन्हाच्या कडेला नेलं, डोळे उकळून निववलेल्या पाण्यानं पुसले. शेगडी अंगणात गेली ती गेलीच. धुरी बंद.

रात्रभर माझा जीव टांगणीला. वारा लागला तर? पोराला काही झालं तर?

सकाळी सुमननं डोळे उघडले. अजून थोडे गुलाबी होते, पण उघडले... आणि टकामका माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी अगदी स्वच्छ. माझेही निवळले. मी तिला छातीशी धरून इतकी रडले की आत्याबाई म्हणाल्या, "आते रडीसन डोया लाल करशी का?" आणि दोघी हसत सुटलो.

गाठोडं त्यांनी जाळलं नव्हतंच, धान्याच्या कणगीमागे ठेवलं होतं. संध्याकाळी माझ्या उशाशी आणून ठेवलं. 

पुढे मला आणखी तीन मुलं झाली. आईची भीती प्रत्येक वेळी आली, पण पहिल्यासारखी नाही.

मूल आजारी पडलं की सगळ्यांची बोटं आधी आईकडे वळतात... आईचं स्वतःचंसुद्धा. त्या सकाळी माझं बोट आत्याबाईंनी धरलं आणि शेगडीकडे वळवलं.