बिनकेसाचा वाघ्या

बदलीच्या नोकरीत गाव सोडताना सामान कमी करावं लागतं. सायकल जाते, कूलर जातो. किस्से मात्र कुठलाच कबाडीवाला नेत नाही, ते साठतच जातात. जयपूरचे आमचे बहुतेक किस्से एका पिल्लाचे आहेत.

हे विमा कंपनीत अधिकारी. जयपूरच्या सोडाला भागात आम्ही खाली भाड्याने राहायचो, वर घरमालकीण माथुर आंटी एकट्याच. एका थंडीत आमच्या मनूने कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. पोट टम्म फुगलेलं, पाठीवर केसांचा पत्ता नाही. नाव ठेवलं वाघ्या. आंटींनी गच्चीतून बघितलं आणि सांगून टाकलं, "होली तक बाल आ गए तो ठीक, नहीं तो यह बाहर।" मनू त्या दिवशी जेवलीच नाही.

*

वाघ्याच्या शीतून जंत पडायचे. सासूबाईंनी साताऱ्याहून कुरिअरने वावडिंग पाठवलं, लहान मुलांना देतात तसं उकळून द्यायला. वाघ्या तोंड लावेना. त्याला दाखवायला म्हणून ह्यांनीच वाटीभर पिऊन टाकलं. वाघ्याचे जंत होते तिथेच राहिले, ह्यांचे गेले असावेत.

*

मग कोणीतरी जवळच्या चौमूं गावातले जनावरांचे डॉक्टर सुचवले. बसने गेलो, तर पुढे सगळ्या म्हशींची रांग. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर हात धुता धुता सवयीने म्हणाले, "दूध कितना देती है?"

मनू म्हणाली, "अभी तो पीता है।"

डॉक्टर पोट धरून हसले. पण वाघ्याला त्यांनी अगदी हळुवार तपासलं.

*

औषधाने जंत जायचे आणि पुन्हा यायचे. डॉक्टरांनी शी तपासायला मागवली. तेव्हा कॅमेऱ्याचे रोल छोट्या डबीत यायचे, ह्यांनी तशाच डबीत ती भरली. दुसऱ्या डबीत मनूच्या वाढदिवसाचा रोल होता. एक डबी फोटो स्टुडिओत देऊन हे चौमूंच्या बसमध्ये बसले. दुपारी घरी स्टुडिओवाल्याचा फोन, "भाभीजी, यह रोल नहीं धुलेगा।"

बिचाऱ्याने डबीला घट्ट झाकण लावून ती पिशवीत घालून ठेवली होती.

*

शेवटी एकदा शहरात आले असताना डॉक्टर मुद्दाम घरी डोकावले. अंगणात वाळूचा ढीग होता, वाघ्या तिथेच घाण करायचा आणि तिथेच लोळायचा. "मैं दवा देता हूँ, यह कीड़ों के अंडे यहीं से फिर खा लेता है। खाना कीड़े खा जाएँगे तो बाल कहाँ से आएँगे?"

वाळू आंटींची होती, वर खोली बांधायला आणलेली. त्यांना विचारायचा आम्हाला धीर होईना. गच्चीतून त्यांनी ऐकलं असावं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ट्रॅक्टर दारात, आणि आंटी स्वतः उभ्या राहून वाळू भरून घेत होत्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "मकान मेरा है, मैं कीड़े क्यों पालूँ?" त्यांचे ते उपकार मी आजही विसरलेले नाही.

होळीला वाघ्याच्या पाठीवर मऊ तांबूस लव होती. पोरं पिचकाऱ्या घेऊन धावली तशा आंटी वरून ओरडल्या, "इस पर रंग मत डालना, नए बाल हैं।"

*

पुढे ह्यांची बदली नागपूरला झाली. ट्रक भरला, खोल्यांना कुलपं लावली, रिक्षा दारात आली आणि वाघ्या कुठेच दिसेना. मनू वर गेली. आंटी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या आणि वाघ्या त्यांच्या पायाशी झोपला होता.

"आंटी, इसको भेजिए ना. हम निकल रहे हैं."

आंटी मटार सोलतच राहिल्या.

"तबादला तुम्हारे पापा का हुआ है, इसका नहीं।"