घरचा भात, बाहेरची भाजी

शिवलाल रहांगडाले येताना दिसला की लोकांना आधी त्याच्या दोन वस्तू दिसायच्या, माणूस नंतर. पहिली परखी, म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर धान बाहेर ओढणारी टोकदार लोखंडी नळी. ती तो तलवारीसारखी कमरेला लावून हिंडे. दुसरी वस्तू म्हणजे राजदूत मोटरसायकलच्या हँडलला लटकलेला स्टीलचा डबा. त्यात भाजी नसे, पोळी नसे, लोणच्याची फोडही नसे. काठोकाठ दाबून भरलेला नुसता भात असे.

शिवलाल दवनीवाड्याचा. घरच्या धानाच्या बांध्या होत्या, धान साठवायच्या ढोल्या भरून वाहत होत्या. पण शेती धाकट्या भावाच्या अंगावर टाकून त्याने गोंदियाच्या एका राईस मिलची नोकरी धरली होती. गावोगाव जायचं, पोत्यात परखी खुपसायची, दाणे तळहातावर घोळवायचे, एखादा दाताखाली फोडायचा, बाजूला थुंकायचा आणि खोट सांगायची. खोट जेवढी मोठी, तेवढा मिलमालक खूश. शेतकऱ्याने जीव लावून पिकवलेला खणखणीत धान शिवलालच्या तळहातावर आला की आजारी पडायचा. कुणाच्या धानाला ओल असायची, कुणाच्यात तुकडा जास्त, कुणाच्या पोत्याला कुबट वास. निर्दोष धान त्याला उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी भेटला होता, त्याच्या स्वतःच्या ढोलीत.

भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मालकाने शिवलालची हद्द वाढवून दिली. याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नव्या जिल्ह्यात नवी कचेरी आली, कचेरीबरोबर कागद आले, आणि कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाला दुपारी भूक लागते हे सरकारच्या आधी हॉटेलवाल्यांनी ओळखलं. जागोजागी चुली पेटल्या. आणि त्या सगळ्या शिवलालने सर्वांत आधी हुंगून काढल्या. स्टेशनमागच्या बोळातल्या मारवाडी बाश्यात, म्हणजे खानावळीत, गट्ट्याची भाजी कोणत्या वारी जमते, हे त्याला माहीत. रेल्वेफाटकाजवळची छत्तीसगढी बाई तांदळाच्या धिरड्याबरोबर, म्हणजे चिल्याबरोबर, टमाट्याची जी चटणी वाटते, तिच्यासाठी तो वाट वाकडी करून जाई. सौंदडच्या स्टेशनबाहेर पोह्यांवर चण्याची तर्री ओतणारा एक म्हातारा होता. गाडी आली की त्याचा हात घाईत सैल सुटतो आणि तर्री जास्त पडते, म्हणून शिवलाल गाडीच्या वेळेलाच तिथे उभा राही. गोरेगावच्या सावजीकडे मटणाचा रस्सा खाऊन माणसाच्या कानातून वाफ निघते, हेही त्यानेच शोधलं, आणि स्वतःच्या कानांवर शोधलं.

एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाकडे असतं तर लोकांनी त्याला मान दिला असता. शिवलालला शिव्या मिळत. याला कारण होता त्याचा डबा.

रहांगडाल्यांच्या घरात विकतचा भात कधी कुणी खाल्ला नव्हता. मीठ विकत आणावं, तेल आणावं, प्रसंगी सोयरिकीसाठी मोठेपणाही उसना आणावा. पण ढोल्या भरलेल्या असताना भात विकत खाणं म्हणजे स्वतःच्या गोठ्यात बैल असताना शेजाऱ्याचे भाड्याने आणणं, असं त्याच्या बापाने त्याला लहानपणीच बजावलं होतं. बाप गेला तेव्हा शिवलालने हा नियम आणि आपल्या वाट्याच्या ढोल्या सोडून बाकी सगळं भावाला देऊन टाकलं. त्याची बायको रामकली पहाटे उठून भात रांधी, शिवलाल डबा घेऊन निघे, आणि कुठल्याही हॉटेलात बसून फक्त भाजी मागवी.

हॉटेलवाल्याची कमाई भातावर असते. रस्सा मागाल तितका फुकट वाढायची आपल्याकडे रीत आहे, कारण गिऱ्हाईक रश्श्यासाठी भात मागतं आणि तिथे तो वसूल होतो. शिवलाल एका भाजीवर चार वेळा रस्सा घेई आणि भात घरचा खाई. तेवढ्यावर थांबला असता तरी लोकांनी सोसलं असतं. पण तोंड त्याचं नोकरीत मुरलेलं. शेजारच्या माणसाच्या ताटाकडे वाकून पाही आणि आपुलकीने विचारी, "भाऊ, हे भात होय का खळ?" तो माणूस ताट सरकवून उठे.

मारवाड्याने त्याला हात जोडून सांगितलं, "सेठ, हमारे यहाँ चावल भी बनता है. नहीं खाना तो रास्ता बहोत चौड़ा है." तिरोड्याच्या वाटेवरच्या ढाब्याने त्याची बाजच उचलून आत नेली. सावजीने तर डब्याचं झाकण उघडायच्या आत त्याच्यासमोर बिल ठेवलं. हळूहळू जिल्ह्यात बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशा पाट्या दिसू लागल्या. त्या आपल्या सन्मानार्थ लागल्या आहेत असं शिवलाल रामकलीला सांगे, आणि ते खरंच होतं.

असं करता करता त्याच्या सगळ्या हद्दीत दुपारी टेकायला एकच जागा उरली: चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ, कालव्याच्या कडेला फुलवंता उईकेचं टिनाचं छप्पर. फुलवंता सकाळी तलावावरून मासे आणी आणि दुपारी झिंग्यांचा असा रस्सा करी की खाणारा बोलणं विसरे. लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, जाडा भात. तिचा सासरा फागू एका कोपऱ्यात बसून पळसाच्या पत्रावळी टाचत असे. त्याची हयात जंगलकामात गेली होती आणि बोलणं त्याला पत्रावळीपेक्षा महाग वाटे. इथून हुसकलं तर पुढे कोरडा गार भात पाण्याबरोबर गिळायचा. शिवलालचं पोट तसं आधीच आंबट, डॉक्टरने उपाशी राहू नका म्हणून ताकीद दिलेली. म्हणजे एका बाजूला बापाचा नियम आणि दुसऱ्या बाजूला ही शेवटची चूल, अशी गाठ होती. दोन्ही टिकवायची तर तोंड आवरायला हवं होतं. तेवढंच त्याला जमत नव्हतं.

दिवाळीनंतर धानखरेदीचा हंगाम भरात आला. सकाळी शिवलालने चोरखमाऱ्यातच उदाराम आणि जागेश्वर या शेतकऱ्यांच्या धानाचा भाव पाडून ठेवला होता, आणि दुपारी तेच दोघे फुलवंताच्या छपराखाली त्याच्या समोर जेवायला बसले होते. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. शिवलालने डबा उघडला, रस्सा ओतून घेतला आणि सवयीने जागेश्वरच्या पत्रावळीत डोकावला.

"हा भात आमच्याकडं कोंबड्यायले टाकतेत," तो म्हणाला.

फुलवंताने झिंग्यांची वाटी त्याच्यासमोरून उचलली आणि परत पातेल्यात ओतली.

"काऊन वो?" शिवलाल म्हणाला. "पैसे देऊन राहिलो ना मी."

"तुमचे पैसे तुमच्या भातावर ओता अन् खा," फुलवंता म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिने आपली अट सांगितली. उद्या पंगतीला पुरेल एवढा तुमचा तांदूळ आणा. शिजवायला माझी चूल. या छपराखाली जे बसलेले असतील ते तुमच्या पद्धतीने पारखतील. त्यांनी पास केला तर जन्मभर डबा आणा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नापास केला तर डबा घरी, आणि इथे माझा भात खायचा. तोही मुकाट.

दुसरा कुणी असता तर पंगतीत बसणार कोण याचा आधी विचार केला असता. शिवलालने तांदळाचा केला. त्याच्या ढोलीत मागच्या बांधीतला जुना चिन्नोर तांदूळ होता, शिजला की वास तीन घरं जाणारा. त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं. घरी जाऊन रामकलीकडून तांदूळ पाखडून घेतला, तिने पाखडलेला पुन्हा स्वतः निवडला, आणि खडा नाही, कणकी नाही, काळा दाणा नाही अशी खात्री करून तो नवरदेवासारखा झोपला.

दुपारी छपराखाली गर्दी होती. चोरखमाऱ्यातली, आजूबाजूच्या टोल्यांवरची, म्हणजे वाड्यांवरची, जेवायची वेळ नसलेलीही माणसं येऊन बसली होती. त्यांच्यातला एकही चेहरा शिवलालला अनोळखी नव्हता. प्रत्येकाच्या पोत्यात त्याची परखी कधी ना कधी घुसून आली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा भात पत्रावळींवर पडून चुकला होता, आणि सगळं छप्पर चिन्नोरच्या वासाने भरून गेलं होतं.

उदारामने घास घेतला नाही. चार शितं तळहातावर घेतली, अंगठ्याने घोळवली, एक दाताखाली फोडलं आणि बाजूला थुंकलं.

"ओल हाये," तो म्हणाला.

"भातात ओल राहीलच ना," शिवलाल म्हणाला.

"मले सांगू नोका. ओल हाये म्हणजे हाये."

दुसऱ्याने तुकडा जास्त काढला. तिसऱ्याला एक दाणा लालसर दिसला. तो दाणा दाखव म्हटल्यावर त्याने गिळून टाकला. जागेश्वरने पत्रावळ नाकाशी नेली आणि बराच वेळ तिथेच धरली.

"वास येऊन राहिला," तो म्हणाला.

"अरे, चिन्नोरचा वास होय तो!"

"आमच्या पोत्यालेही असाच होता. तुमी त्याले बुरशी म्हटलं, शिवलालभाऊ. भाव पाडला. मी परत घरी नेऊन खाल्ला तर पाहुने आंगठे चाटून राहिले."

ही सगळी वाक्यं त्याचीच होती; ती म्हणताना चेहरा कसा लांबवायचा हेही लोक त्याच्याकडूनच शिकले होते. खोट काढता काढता माणसांनी पत्रावळी मात्र चाटूनपुसून साफ केल्या, आणि दोघातिघांनी नीट कळलं नाही म्हणून पुन्हा वाढून घेतला.

उरला फागू. त्याने जन्मात कुणाला धान विकला नव्हता. त्याचं शिवलालशी वैर असायचं कारणच नव्हतं. म्हाताऱ्याने तीन वेळा भात मागून घेतला, शांतपणे खाल्ला, हात धुतले. शिवलाल त्याच्या पुढ्यात जाऊन उकिडवा बसला.

"बाबा, तुमी सांगा. तुमी खोटं नाई बोलनार."

"भात बढिया हाये," फागू म्हणाला. शिवलालने मान ताठ करून सगळीकडे पाहिलं. फागूने डोक्याला टोपरं बांधलं आणि पुढे म्हणाला, "मानूस नाई. मी दोन्हीचं मिळून सांगून राहिलो. नापास."

छप्पर हसण्याने हाललं. फुलवंता हसली नाही. तिने शिवलालसमोर पत्रावळ मांडली, तिच्यावर जाड्या भाताचा ढीग घातला, वर झिंग्यांचा रस्सा ओतला आणि पळी हातात धरून उभी राहिली. बापाचं तोंड डोळ्यांसमोर आणत शिवलालने पहिला घास घातला. विकतचा भात घशाखाली गेला. आभाळ कोसळलं नाही, याचाच त्याला जास्त राग आला. भात मोकळा होता, रस्सा पिणारा होता, आणि झिंग्यांबरोबर चिन्नोरपेक्षा बरा लागत होता. ही गोष्ट त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. तो जेवला, राजदूतला लाथांवर लाथा मारल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बिनडब्याचा आला. त्यानंतरही येत राहिला. रामकली पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर उठू लागली, आणि हरलात कसे हे तिने एकदाही विचारलं नाही. छपराखाली मात्र त्याला कुणी सोडत नव्हतं. तो बसला की उदाराम हाक मारी, "मालक, पास का नापास?" मुकाट खायची अट होती म्हणून शिवलाल मुकाट खाई; पण प्रत्येक घासात खोट शोधत खाई. एखादा खडा, एखादा केस, एखादी अळी. एवढी वर्षं सगळ्यांच्या धानात सापडलेली खोट फुलवंताच्या भातात नेमकी सापडत नव्हती, आणि हा तो स्वतःच्या इज्जतीचा प्रश्न समजत होता.

एका दुपारी त्याच्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. शिवलालचा चेहरा फुलला. त्याने दोन बोटांनी ते बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं आणि अट मोडून उभा राहिला.

"खडा," तो म्हणाला. "हा पाहा. पांढरा, हरभऱ्याएवढा. आता बोल, फुलवंताबाई."

फुलवंता जवळ आली. तिने तो उन्हाकडे धरून उलटासुलटा पाहिला आणि त्याच्या तळहातावर परत ठेवला.

"तोंडात जीभ फिरवा," ती म्हणाली.

सगळे जेवायचे थांबले. शिवलालने जीभ फिरवली. उजवीकडे वरच्या बाजूला, जिथे आयुष्यभर लोकांचा धान फोडून पाहिला होता, तिथे जिभेला मोकळी जागा लागली.

"खाली बसा," फुलवंता म्हणाली, "रस्सा गार होऊन राहिला."