हिवराचं झाड मी सांगितलं होतं

गुलाबमास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीत दुधाचं फॅट बघत होतो. वडगाव निंबाळकरहून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. "तात्या, दादा गेला सकाळी," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. माणसं कॅन घेऊन रांगेत उभी होती, म्हणून हातातलं काम उरकलं आणि मग बाहेरच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो... महिना होत आला, अजून तिथं आलं की पाय थबकतो.

मास्तर आमच्या कळसच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस ऊसवाल्या घरचा, पण वेड लागलं आमच्या उघड्या माळाचं. विकतचे रंग त्यांना चालत नसत. तांबडा मुरूम वस्त्रगाळ करायचा, चुलीची काजळी नि चुना घ्यायचा आणि सगळं बाभळीच्या डिंकात कालवायचं. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती, त्यामुळं माळाचा खडा न् खडा मला पाठ. चिंकारा कुठं बसतो, तरसाची कपार कुठली, हे दाखवत मीच त्यांना हिंडवायचो, आणि त्याचा मला गर्वही होता. माझा आजा लांडग्यानं मेंढरू नेलं तरी "त्याचा वाटा गेला" म्हणून सोडून द्यायचा. ती माणसं आता राहिली नव्हती. आताचे लोक मेलेल्या मेंढरात विष घालून माळावर टाकायचे. मास्तरांना ते बघवत नसे. लोकांनी लांडगीण आई झालेली कधी बघितलीच नाही, म्हणून मारतात, असं त्यांचं म्हणणं. बघितली तर हात उचलणार नाहीत.

मग मी त्यांना एक बीळ दाखवलं. तीन दिवस ते लांब झुडपाआड बसून होते. नंतर चित्र काढायला डेअरीची भिंत मागून घेतली, कारण दूध घालायला दोन्ही वेळा सगळं गाव तिथं येतं. लांडगीण आडवी पडलेली, पोटाशी चार पिल्लं. मागचा माळ मात्र त्यांनी नुसता पुसट ठेवला होता. आणि तिथं मी माझी अक्कल पाजळली! म्हटलं, हा कुठला माळ म्हणायचा? बिळापाशी हिवर डावीकडं वाकलाय, खाली खडक दुभंगलाय. मास्तरांचा हात थांबला. ओळखू येईल की रे, म्हणाले. मी म्हटलं, यायलाच पायजे, नायतर चित्र कशाला? त्यांनी माझं ऐकलं. हिवर काढला, खडकही काढला. गावानं वाहवा केली. एक म्हातारी तर भिंतीपुढं पदर सावरून म्हणाली, "बाळंतीण हाय बिचारी."

आठव्या दिवशी आम्ही माळावर गेलो. बिळाच्या तोंडात काटेरी फांद्या कोंबून पाचट पेटवलेलं होतं. चारही पिल्लं बाहेर ओळीनं मांडून ठेवलेली... लांडगीण समोरच्या बांधावर उजेडात उभी होती, पळतही नव्हती. कुणी केलं ते आजवर कळलं नाही. वाट कुणी दाखवली, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

मास्तरांनी पिल्लं पुरली. दुसऱ्या दिवशी स्वतः भिंतीवर चुना मारला. बादली मी धरली होती. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पुढंही ते चित्रं काढत राहिले, पण माझ्याबरोबर माळावर पुन्हा कधी आले नाहीत.

शेवटचा भेटलो तो वडगावला त्यांच्या घरीच. अंगावर मांस उरलं नव्हतं. माझं चुकलं, एवढंच म्हणायला मी इतका लांब गेलो होतो. चहा प्यालो, उसाच्या तोडीचं बोललो आणि उठलो. कसला करंटा मी! निघताना त्यांनी गुंडाळी केलेला कागद हातात दिला. उघडला तर कडेपासून कडेपर्यंत वाळलेलं गवत. झाड नाही, खडक नाही.

"मास्तर, ह्यात लांडगा कुठाय?"

"हाय त्यातच."

"मला तर दिसंना."

"न्हाय दिसायचा. तुला बी न्हाय."

तो कागद मी डेअरीत फॅटच्या मशीनवर लावलाय. सकाळी दूध सुरू व्हायच्या आधी त्यापुढं उभा राहतो, गवताची काडी न् काडी बघतो. काही सापडत नाही. परवा डाळजकडचा एक गवळी विचारत होता, तात्या, हा कुठला माळ?

म्हटलं, "न्हाय बा ठाऊक."