डेपोत कोणी थकत नाही!

शेजार बोलका असला की किस्से आपोआप साठतात. त्यात आमच्या परसाचं आणि लाकूड डेपोचं कुंपण एकच! मी मुद्दाम ऐकायला जात नाही हो. मी आपली भांडी घासते, डेपोतलेच मोठ्यानं बोलतात. कुंपणाला एक फट आहे, तीही मी पाडलेली नाही. थोडी रुंद केली, एवढंच.

हे किस्से कुमुदबाई आमच्याकडे राहिल्या त्या उन्हाळ्यातले. पहिली निवडणूक होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. बाई नागपूरच्या कॉलेजातून आलेल्या. काम काय, तर माणसं कामानं किती थकतात, त्यांचं मन कामात लागतं की उडतं, याचा अभ्यास! नागभीडहून बैलगाडीनं अर्धा दिवस लागायचा आमच्या गावाला. इथं असलं काही कोणी ऐकलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मावशी, माझा रिपोर्ट पटला तर वरचे साहेब येतील. माणसांना उन्हाळ्यात दुपारची सुट्टी मिळेल."

सुट्टी तेव्हा फक्त हल्ल्यांना होती. हल्ले म्हणजे ओंडके ओढणारे रेडे. बारा ते तीन ते डबक्यात बसत आणि माणसं उन्हात ओंडके रचत. पण आमची माणसं अशी, की चारचौघांत "थकलो" म्हणायचं म्हणजे मान खाली गेली! आणि डेपोच्या साहेबांनी तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या डेपोत कोणी थकत नाही."

* * *

बाईंनी प्रश्नांचा पहिला कागद धरला तो पुनाजीपुढे. पुनाजी थप्प्या रचणारा, छाती दरवाजाएवढी.

"पुनाजीभाऊ, कामाचा कंटाळा येतो का?"

"कंटाळा सायबाले येते, बाई. आमाले येवाले टाइम कुठी आहे!"

बाईंनी ते अक्षर न अक्षर लिहून घेतलं.

* * *

मग बाई तापानं पडल्या. बाकीच्यांचे कागद कारकून देवरावांनी भरून आणले. संध्याकाळी बाई ते वाचायला लागल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. मीही डोकावले. चौथी शिकलेय, एवढं वाचता येतं मला.

"थकल्यावर काय करता?" – "डबक्यात बसते."

"राग आल्यावर?" – "शिंग मारते."

मी तशीच कुंपणाशी गेले. "काहून रे पुनाजी, तुमाले शिंगं कधीपासून फुटली?"

पुनाजी कपाळाला हात लावून म्हणाला, "अवो मावशी, बाकीच्यायले वाटलं हल्ल्यायचं इचारून राह्यले! आजवर जो सायब आला, त्यानं त्यायचंच इचारलं. देवरावभाऊनंबी तसंच लिवलं. माणसाचं कोणी इचारते का?"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माणसांना पुन्हा नीट विचारलं, पण ते शिंगांचे कागद फाडले नाहीत. पुनाजीचं बोलणं वर लिहून रिपोर्टाला तसेच्या तसे जोडले. माझ्या घरी राहत होत्या बरं का त्या!

* * *

देवरावांनाही बाईंनी सोडलं नाही, मला घेऊन त्यांच्या ओसरीवरच गेल्या. देवराव ओंडक्यांची गोलाई मोजणारे. अकरा वर्षांत एकही रजा नाही, याचा केवढा तोरा!

"घरी गेल्यावर काम डोक्यातून जातं ना?" बाईंनी विचारलं.

"अगदी! दारात चप्पल काढली की डेपो संपला!"

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काहून खोटं बोलता? रविवारी दुपारी झोपेत माह्या दंडाले वीत लावली, अन् म्हणता, 'हे लाकूड पोकळ आहे, बाजूले ठेव!'"

* * *

डेपोचे साहेब फार करडे. बाईंनी त्यांनाही एक कागद दिला. बाकीचं त्यांनी पाच मिनिटांत भरलं, पण शेवटच्या प्रश्नाशी अडले. "गेल्या महिन्यात मनापासून केव्हा हसलात?"

दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी बाईंना परत मिळाला. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "चौकशी करून कळवतो."

* * *

आता डेपोत बारा वाजता घंटा होते आणि हल्ल्यांबरोबर माणसंही सावलीला जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती सुट्टी मिळाली कशी, ते मी त्या फटीतून पाहिलंय.

रिपोर्ट वाचून वरचे साहेब खरंच आले. भर दुपारी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "या बाईंनी लिहिलंय की तुम्ही थकता. जो थकला असेल, त्यानं पुढे यावं."

कोणी हलेना! पुनाजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. डेपोचे साहेब गालात हसले. त्यांचा महिना सुधारला असावा. बाई बाजूला उभ्या, तोंडावरचा रंग उडालेला. सगळ्या उन्हाळ्याची मेहनत आणि या माणसांची सुट्टी, दोन्ही तिथंच वाया जाणार होत्या.

तेवढ्यात रहीमभाऊ पुढे आले. ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानं डेपोचा शिक्का उठवायचा, हे त्यांचं काम. घाव एकच घालायचा. शिक्का अर्धवट उठला तर ओंडका आवारातून बाहेर जात नाही. तीस वर्षांत रहीमभाऊंना दुसरा घाव घालावा लागला नव्हता. साऱ्या डेपोची छाती फुगायची त्यांच्या नावानं!

ते समोरच्या सागवानी ओंडक्याशी गेले, हातोडा उचलला आणि एकच घाव घातला. शिक्का असा उठला, की मला फटीतून दिसला! मग हातोडा त्यांनी वरच्या साहेबांच्या बुटांजवळ ठेवला.

"सायब, मी थकलो."

"अहो, पण घाव तर अगदी चोख बसला!"

"म्हणून तं आज सांगून राह्यलो, सायब. चुकल्यावर सांगतलं असतं, तं तुमी म्हणले असते, बुढा झाला!"