आईचं बीपी, अण्णांची बोटं

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सेलूच्या एका डॉक्टरांकडं पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी बीपीचं पाऱ्याचं मशीन त्यांना देऊन टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या ओसरीवर गल्लीतली दोन-चार माणसं बाही वर सारून बसलेली असायची.

मागच्या दिवाळीत मी परभणीहून माहेरी आले, तर आईचं डोकं सारखं दुखत होतं. अण्णा म्हणाले, "कालच बघितलं. वरचं एकशे चौतीस. काई न्हाई, झोप झाली न्हाई तिची."

मी सोबत डिजिटल मशीन आणलं होतं. त्यावर आकडा आला एकशे साठ. पुन्हा घेतलं तर एकशे अठ्ठावन्न.

अण्णा चिडले. "त्या डब्याला कान हायेत का? पट्ट्यातली थरथर बघून अंदाज सांगतो त्यो. ठोका ऐकावा लागतो!"

"दोघं एकेक हात घ्या माजा, अन् मिटवा," आई म्हणाली.

"तसं न्हाई चालत," अण्णा म्हणाले. "हात एकच. मधी पाच मिनिटं थांबायचं. अन् तू बोलायचं न्हाई." आईला शेवटची अट फार जड गेली.

तीन वेळा मोजलं. दर वेळी अण्णांचा आकडा वीस-पंचवीसनं कमी. शेवटी स्टेथोस्कोप मी कानाला लावला. शाळेत असताना त्यांनीच मला ऐकायला शिकवलं होतं. पारा हळूहळू उतरू लागला आणि एकशे साठच्या जरा खालीच बारीक टक् टक् सुरू झाली. बारीक, पण स्पष्ट. तो पहिला, हलका आवाज अण्णांना ऐकूच येत नव्हता. पुढं तो मोठा झाला की मगच त्यांच्या कानात पोचत होता.

"कितीला लागला?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. "एकशे अठ्ठावन्न, अण्णा."

ते पुढं सरकले. मग आईच्या मनगटावर तीन बोटं ठेवून म्हणाले, "फुगव."

मी फुगा दाबत गेले. "नाडी गेली," ते म्हणाले. "आता सोड, हळू." डोळे मिटून बसले. पारा एकशे पन्नासवर आला तेव्हा म्हणाले, "आली."

डोळे उघडून त्यांनी आकडा पाहिला. "बोटाला कानापेक्षा थोडं उशिरा कळतं. म्हंजी तुजंच बरोबर हाय. त्या डब्याचंबी." मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून मी लोकांला चुकीचं सांगायलोय गं?"



दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात नेलं, गोळी सुरू झाली. अण्णा मात्र आमच्यासोबत आले नाहीत. ओसरीवर येणाऱ्या एकेकाच्या घरी ते पायी गेले आणि उंबऱ्यातूनच सांगत राहिले, "माजे कान कामातून गेलेत. दवाखान्यात जाऊन बीपी परत मोजून घ्या." लोकांनी त्यांना आत बसवून चहा पाजला. एकानं तर विचारलं, "मग उद्या येऊ नको का, अण्णा?" 

"ये की. पोरीचं मशीन हाय आता. निवांत बसून मोजू."

पुढच्या महिन्यात त्यांच्या कानाला यंत्र बसलं. आईनं लगेच त्यांना समोर बसवलं.

"एवडी वर्षं मला वाटायचं, तुमी मुद्दामच ऐकत न्हाईत."

"काई काई मुद्दामच," अण्णा म्हणाले, आणि आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.